दोन खुणा आणि अण्णांचा प्रश्न

माझ्या वडिलांनी, अण्णांनी, आयुष्यभर पडणाऱ्या उमेदवाराला मत दिलं. नाशिकला शाळेत गणित शिकवायचे, विचाराने समाजवादी. संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेत १९५७ साली आणि आणीबाणीनंतर १९७७ साली, असं दोनदा त्यांचं मत जिंकणाऱ्याच्या पेटीत गेलं. एरवी निकालाच्या रात्री ते रेडिओ बंद करायचे, पाणी पिऊन झोपायचे. आई म्हणायची, "कशाला मत वाया घालवता?" त्यावर त्यांचं उत्तर ठरलेलं: "मत वाया मी घालवत नाही. मोजणारे घालवतात."

हे वाक्य मला लहानपणी हट्टी माणसाचं वाटायचं. त्याचा खरा अर्थ कळला तो ऑकलंडमध्ये, १९९६ साली.

आम्ही ऑगस्ट १९९५ मध्ये न्यूझीलंडला आलो. मी, नवरा आणि नऊ वर्षांचा मुलगा. त्या काळात गुणांच्या पद्धतीवर कायम वास्तव्याचा परवाना मिळून भारतातून बरीच कुटुंबं येत होती, त्यातलंच आमचं एक. मी एका गोदामात हिशेबाचं काम धरलं. वर्ष होत आलं तेव्हा तिथल्याच एका सहकारी बाईने विचारलं, "मतदार म्हणून नाव घातलंस का?" मी म्हटलं, आम्ही अजून नागरिक नाही. ती म्हणाली, नागरिक नसलीस तरी चालतं. कायम राहण्याचा हक्क आहे आणि इथे सलग एक वर्ष काढलं आहे, एवढं पुरे. शिवाय नाव नोंदवणं कायद्याने बंधनकारक आहे. मत द्यायचं की नाही ते तुझं तू ठरव.

मी घरी येऊन नवऱ्याला तीनदा सांगितलं, त्याचा विश्वास बसेना. ज्या देशाचा पासपोर्ट नाही त्या देशाची संसद आपण निवडायची? दुसऱ्या दिवशी आम्ही पोस्टातून फॉर्म आणला. नाव, पत्ता, जन्मतारीख, व्यवसाय, खाली सही. थोड्या दिवसांनी नोंद झाल्याचं पत्र घरी आलं. आमचा मतदारसंघ ओवायराका. हे नाव आणि तो मतदारसंघ दोन्ही नवीन होते, कारण ऑक्टोबरात येणाऱ्या निवडणुकीसाठी देशभरातल्या मतदारसंघांचा नकाशाच नव्याने आखला होता.

का आखला, ते मला शेजारच्या आजींनी सांगितलं. सत्तरी ओलांडलेल्या, एकट्या राहणाऱ्या, चर्चला नेमाने जाणाऱ्या. आमच्या कुंपणाशी उभ्या राहून त्या मला या देशाचं राजकारण शिकवायच्या. त्यांचं म्हणणं असं की, लोकांना दोन्ही मोठ्या पक्षांनी फसवलं. १९८४ नंतर लेबरने न सांगता सगळी अर्थव्यवस्था बाजाराच्या हाती दिली. लोकांनी १९९० मध्ये चिडून नॅशनलला आणलं, तर त्यांनी गरिबांचे भत्ते कापले. "माणसं बदलून काही होईना, म्हणून आम्ही नियम बदलला," असं त्या म्हणाल्या. १९९२ च्या पहिल्या सार्वमतात मत देणाऱ्यांपैकी जवळजवळ ८५ टक्क्यांनी जुनी, म्हणजे मतदारसंघात सर्वांत जास्त मतं घेईल तो विजयी अशी आपल्यासारखीच, पद्धत नको म्हटलं. मग ६ नोव्हेंबर १९९३ ला, निवडणुकीच्याच दिवशी, बंधनकारक सार्वमत झालं आणि ५३.९ टक्क्यांनी नवी पद्धत निवडली. त्याच दिवशी जुन्या पद्धतीने नॅशनलला ३५ टक्के मतांवर ९९ पैकी ५० जागा मिळाल्या. अलायन्स नावाच्या पक्षाला १८ टक्के मतं पडली आणि जागा मिळाल्या दोन.

मी हे आकडे एका वहीत टिपून घेतले. हे सगळं अण्णांना कळवायचंच, असं ठरवलं होतं. फोन तेव्हा फार महाग, त्यामुळे पत्रच.

पत्र लिहायला बसले आणि लक्षात आलं की आपल्यालाच नीट कळलेलं नाही. नव्या पद्धतीला इथे सगळे नुसतं 'एमएमपी' (मिक्स्ड मेंबर प्रपोर्शनल) म्हणतात. प्रत्येकाला दोन मतं. एक पक्षाला, एक आपल्या मतदारसंघातल्या उमेदवाराला. मला वाटलं, पहिलं मत म्हणजे पहिली पसंती आणि दुसरं म्हणजे दुसरी पसंती. घरोघर टाकलेली माहितीपुस्तिका दोनदा वाचली तेव्हा उलगडलं. संसदेत एकूण १२० जागा. त्यातल्या ६५ मतदारसंघांच्या, जिथे सर्वांत जास्त मतं घेईल तो निवडून येतो, आपल्याकडच्यासारखा. उरलेल्या ५५ पक्षांनी आधीच जाहीर केलेल्या यादीतून भरायच्या. पण कुठल्या पक्षाचे एकूण किती जण बसणार हे ठरवतं ते पक्षाचं मत. पक्षाला दहा टक्के मतं पडली तर साधारण बारा-तेरा जागा त्याच्या. मतदारसंघांतून एकच निवडून आला असेल तर बाकीचे यादीतून घ्यायचे. म्हणजे उमेदवाराचं मत आपला स्थानिक प्रतिनिधी निवडतं आणि पक्षाचं मत सरकार. अट एकच: पक्षाला देशभरात किमान पाच टक्के मतं तरी हवीत, नाहीतर निदान एक मतदारसंघ तरी जिंकायला हवा.

हे सगळं मी चार पानांत लिहिलं. जागांची वाटणी कशी करतात तेही लिहिलं, कारण गणिताच्या मास्तरांना तेवढं दिल्याशिवाय चैन पडलं नसतं. प्रत्येक पक्षाच्या मतांना १, ३, ५, ७ अशा विषम संख्यांनी भागत जायचं, आलेल्या सगळ्या भागाकारांतले मोठे १२० निवडायचे, ज्याचे जितके भागाकार त्यात येतील तितक्या त्याच्या जागा.

सप्टेंबरात गणपतीला आम्ही आठ-दहा मराठी कुटुंबं एका घरी जमलो होतो. आरती, प्रसाद झाला आणि विषय निवडणुकीवर आला. त्या वर्षीचं वातावरण आमच्यासारख्यांना सोपं नव्हतं. न्यूझीलंड फर्स्ट पक्षाचे विन्स्टन पीटर्स बाहेरून येणाऱ्यांची संख्या कमी करा म्हणून सभा गाजवत होते, आणि पाहणी अहवालांत त्यांचा पक्ष वर चढला होता. कुणाच्या मुलाला शाळेत काहीबाही ऐकावं लागलं होतं. एका काकांचं म्हणणं पडलं, "आपण पाहुणे. पाहुण्याने घरातल्या भांडणात पडू नये. मत देऊच नये." मला ते मुळीच पटलं नाही. मी म्हटलं, काका, पाहुण्याच्या पगारातून कोणी कर कापत नाही. आपल्याविषयी बोलणं चाललं आहे, तर आपलं मतही मोजलं जाऊ दे. शेवटी त्यांच्याच घरातून प्रश्न आला: दोन्ही मतं एकाच पक्षाला द्यायची सक्ती आहे का? नाही. मग तासभर मी कागदावर रेघा ओढून सगळ्यांना समजावत बसले. निम्म्याहून जास्त जण माझ्यासारखेच पहिली आणि दुसरी पसंती धरून बसले होते. तिथे मी नसते तर त्यांनी जे मत सर्वांत वजनाचं तेच सहज म्हणून कुणालातरी देऊन टाकलं असतं. ही गोष्ट मला अजून खटकते. पद्धत चांगली होती, पण ती समजावण्यासाठी कुणीतरी समोर बसायला हवं होतं. घरात आलेली पुस्तिका इंग्रजी सफाईने वाचणाऱ्यांसाठी होती.

अण्णांचं उत्तर मतदानाच्या चार दिवस आधी आलं. बारीक, सरळ ओळीचं अक्षर. त्यांना पद्धत माझ्यापेक्षा चांगली कळली होती. लिहिलं होतं: "तुमच्या मतदारसंघात विरोधी पक्षनेत्याच उभ्या आहेत हे वाचून मौज वाटली. पण तू लिहितेस तसं असेल तर त्या मताने सरकार बदलणार नाही. पक्षाचं मत जपून दे. आणि एक विचारायचं आहे. पाचच टक्के का? चार का नाहीत? साडेचार टक्के लोकांनी काय पाप केलं? हा आकडा कोणी आणि कशावरून काढला ते कळव."

विरोधी पक्षनेत्या म्हणजे हेलन क्लार्क. ओवायराकातून लेबरतर्फे त्याच उभ्या होत्या.

शनिवार, १२ ऑक्टोबर १९९६. इथे मतदान शनिवारीच असतं. आदल्या रात्रीपर्यंत रस्तोरस्ती उमेदवारांचे फलक होते. सकाळी उठून पाहिलं तर एकही नाही. मतदानाच्या दिवशी प्रचाराचं काहीही दिसता कामा नये असा कायदा आहे, आणि तो अक्षरशः पाळलेला पाहून मला फार बरं वाटलं. ना कर्णे, ना रिक्षा, ना शंभर यार्डांवर मांडलेली टेबलं. वसंतातली थंड, स्वच्छ हवा. आम्ही मुलाला घेऊन जवळच्या शाळेत चालत गेलो.

मी पासपोर्ट, नोंदणीचं पत्र, वीजबिल, सगळं पिशवीत घेतलं होतं. १९९५ च्या सुरुवातीला ठाण्याला विधानसभेसाठी मत दिलं त्याला दोन वर्षंही झाली नव्हती. ओळखपत्रावरून चाललेला तेव्हाचा गदारोळ डोक्यात ताजा होता. टेबलामागच्या बाईंनी नाव आणि पत्ता विचारला, यादीत बोट फिरवलं, ओळ सापडली, त्यावर पट्टी ठेवून रेघ मारली. झालं. कागद कुणी मागितला नाही. मी सवयीने डावा हात पुढे केला होता, शाईसाठी. त्यांनी मतपत्रिका माझ्या त्याच हातात ठेवली.

मतपत्रिकेवर दोन स्तंभ. डावीकडे पक्ष, उजवीकडे उमेदवार. शिक्का नाही, बरोबरची खूण करायची, मुलांच्या वहीत करतात तशी. मी पुठ्ठ्याच्या आडोशामागे उभी राहिले. आधी उजवीकडची खूण केली, कारण ती सोपी होती. डावीकडे मात्र हात थांबला. आजवर मत देताना मनात एक हिशेब असायचा: मला हवा तो येणार नाही, मग नको असलेला पडावा म्हणून कुणाला द्यावं? आयुष्यात पहिल्यांदा तो हिशेब करायची गरज नव्हती. मला जो पक्ष बरा वाटत होता तो छोटा होता आणि आमच्या मतदारसंघात निवडून येण्याची त्याला काही आशा नव्हती. तरीही माझी खूण मोजली जाणार होती. अण्णा चाळीस वर्षं ज्याच्यासाठी रांगेत उभे राहिले ते मला परक्या देशात एका वर्षात मिळालं होतं. डोळे भरून आले आणि मी जरा वेळ तिथेच उभी राहिले. मग खूण केली, घडी घातली, पेटीत टाकली. कोणाला दिलं ते मी नवऱ्यालाही सांगितलेलं नाही.

रात्री आजी आमच्याकडे टीव्ही बघायला आल्या. मी साबुदाण्याची खिचडी केली होती, ती त्यांनी मागून घेतली. माओरी म्हणजे इथले मूळ रहिवासी; त्यांच्यासाठी राखलेल्या पाचही जागा एकामागून एक पीटर्सच्या पक्षाकडे गेल्या, लेबरच्या हाती एकही उरली नाही. गोदामातली माझी सहकारी माओरी मतदारांच्या वेगळ्या यादीतली; लेबरने आम्हाला कायम गृहीत धरलं, असं ती आठवडाभर म्हणत होती. मला तोवर वाटत होतं की पीटर्स म्हणजे फक्त आमच्याविरुद्ध बोलणारा माणूस. त्याच पक्षाला माओरी मतदार आपल्या हक्कासाठी मत देत होते हे समजायला मला ती रात्र लागली.

अंतिम आकडे असे झाले. नॅशनल ४४, लेबर ३७, न्यूझीलंड फर्स्ट १७, अलायन्स १३, ॲक्ट ८ आणि युनायटेड १. बहुमताला ६१ लागतात. संसदेत स्त्रिया ३५ झाल्या, आधीच्या संसदेत २१ होत्या. नॅशनलच्या यादीतून पॅन्सी वाँग आल्या, आशियाई वंशाच्या पहिल्या खासदार. एकाच मतदारसंघात उभं राहून तेव्हा त्या निवडून आल्या असत्या असं मला वाटत नाही. यादीमुळे ते दार उघडलं.

आजींनी मात्र खिचडी अर्धी ठेवली. त्यांनी पक्षाचं मत ख्रिश्चन कोअलिशनला दिलं होतं. हे त्यांनी आपण होऊन सांगितलं. पडद्यावर त्यांचा आकडा चाराच्या पुढेमागे हलत होता, पाचाला काही टेकेना. शेवटी ४.३३ टक्के. जागा शून्य. युनायटेडला एक टक्काही मतं नव्हती, ०.८८, पण त्यांच्या पीटर डन यांनी आपला मतदारसंघ जिंकला म्हणून त्यांचा एक खासदार बसला. आजी म्हणाल्या, "नव्या पद्धतीसाठी मी दारोदार पत्रकं वाटली होती." एवढंच बोलल्या. मला त्यांच्या पक्षाचे विचार पटत नव्हते. पण त्या कोट घालून अंधारात आपल्या घराकडे गेल्या तेव्हा मला अण्णांचा रेडिओ बंद होताना ऐकू आला.

पुढे काय झालं ते इथे सगळ्यांना ठाऊक आहे: काहीच झालं नाही, आणि तेही ५९ दिवस. नॅशनल किंवा लेबर, कुणालाही पीटर्सशिवाय सरकार बनवता येईना, आणि ते दोघांशीही बोलत बसले. दिवाळी होऊन गेली. गोदामात लोक हैराण. इतके दिवस सरकार नाही हे त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं. मला त्यात घाबरण्यासारखं काही दिसेना. त्याच वर्षी मे महिन्यात दिल्लीत वाजपेयींचं सरकार तेरा दिवसांत आलं आणि गेलं, आणि जूनमध्ये देवेगौडांचं तेरा-चौदा पक्षांचं सरकार बसलं, हे आम्ही इथून वाचलं होतं. मी सहकाऱ्यांना सांगायची, दुकानं उघडी आहेत, पगार होतोय, जुने मंत्री कामचलाऊ म्हणून बसलेत, जरा धीर धरा.

१० डिसेंबरला संध्याकाळी पीटर्स यांनी टीव्हीवर जाहीर केलं: नॅशनलबरोबर. ४४ आणि १७, बरोबर ६१. नॅशनलचे जिम बोल्जर पंतप्रधान राहिले, पीटर्स उपपंतप्रधान आणि खजिनदार झाले. दुसऱ्या दिवशी माझी सहकारी कामावर आली ती कुणाशी बोलेचना. तिने नॅशनलला घालवायला मत दिलं होतं. माझ्या मते त्या निवडणुकीतली सर्वांत मोठी चूक ही होती, आणि ती पद्धतीची नव्हती. निकालानंतर कुणाबरोबर जाणार हे पक्षाने मतदानाआधी सांगायला हवं होतं. पुढच्या निवडणुकांत लोकांनी ते विचारायला सुरुवात केली.

अण्णांच्या प्रश्नाचं उत्तर मला ग्रंथालयात मिळालं. १९८५ मध्ये न्यायमूर्ती वॉलेस यांच्या अध्यक्षतेखाली एक शाही आयोग नेमला होता, त्याचा १९८६ चा अहवाल जाडजूड आहे. जर्मनीच्या धर्तीवरची ही पद्धत त्यांनीच सुचवली. त्यांनी सुचवलेली अट चार टक्क्यांची होती. पाच नंतर कायदा करताना झाले. मी हे पान दोनदा वाचलं. आयोगाचा आकडा राहिला असता तर आजींच्या पक्षाचे पाच-सहा खासदार बसले असते.

अण्णांना हे कळवलं. त्यांचं उत्तर जानेवारीत आलं, सोबत कॅलेंडरच्या उलट्या पानावर पेन्सिलीने केलेला हिशेब. महाराष्ट्राची १९९५ ची विधानसभा. काँग्रेसला साधारण ३१ टक्के मतं, जागा ८०. युतीला दोन्ही पक्ष मिळून साधारण २९ टक्के, जागा १३८. त्याखाली २८८ जागांची नवी वाटणी: काँग्रेस ८९, युती ८४. मग इतर पक्ष, अपक्षांचं काय करायचं यावर एक प्रश्नचिन्ह, आणि सगळ्यात खाली त्यांच्या स्वतःच्या पक्षाच्या नावाभोवती चौकट. चौकटीतला आकडा त्यांनी खोडून तीनदा तपासलेला दिसत होता. कागद तिथे झिजला होता.

अण्णा २००४ साली गेले. २०११ मध्ये ही पद्धत ठेवायची का यावर पुन्हा सार्वमत झालं, ५७.८ टक्क्यांनी ठेवा म्हटलं, मीही. त्यानंतर २०१२ मध्ये निवडणूक आयोगाने पद्धतीत काय सुधारावं यावर लोकांची मतं मागवली. मी एक पानी पत्र पाठवलं. आजींचं नाव न लिहिता त्यांची ती रात्र लिहिली आणि शेवटी अण्णांचा प्रश्न इंग्रजीत उतरवला: साडेचार टक्के लोकांनी काय पाप केलं? ऑक्टोबरात अहवाल आला, त्यात अट चार टक्के करावी असं होतं. ते झालं नाही. २०२३ मध्ये दुसऱ्या एका स्वतंत्र समितीने साडेतीन टक्के सुचवलं. तेही अजून झालेलं नाही, अट पाचाचीच आहे. पत्राची प्रत आणि कॅलेंडरचं पान मी एकाच फाइलमध्ये ठेवलं आहे. पुढच्या वेळी मतं मागवली की तेच पुन्हा पाठवीन.